आधी वर्गणी, मग पुस्तक

विंक लॉर्च या ब्रिटिश वाइन-लेखिकेनं २०१३ साली वाचकांपुढे एक मागणं ठेवलं. पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा नावाच्या छोट्या वाइन-प्रदेशावर त्यांना पुस्तक काढायचं होतं. प्रकाशक नव्हता, ते काम त्या स्वतःच अंगावर घेणार होत्या. छपाई, नकाशे, छायाचित्रं यांचा खर्च वाचकांनी आधी उचलावा, पुस्तक तयार झालं की ते त्यांच्या घरी येईल, असा साधा करार होता. ‘किकस्टार्टर’च्या मंचावर ही लोकवर्गणी जमली आणि पुढच्याच वर्षी ‘ज्युरा वाइन’ हे पुस्तक वाचकांच्या हातात पडलं. खाद्यपेयांवरच्या पुस्तकांसाठी ब्रिटनमध्ये मानाचा समजला जाणारा २०१४ चा आंद्रे सिमोन पुरस्कार पेय-विभागात त्याला मिळाला.

मोठ्या प्रकाशकाला अशा पुस्तकात रस का नसतो, हे कळायला एक आकडा पुरेसा आहे. ज्युरातल्या सगळ्या द्राक्षबागा मोजल्या तरी क्षेत्र भरतं जेमतेम २,००० हेक्टर. एकट्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा त्याच्या कितीतरी पट आहेत. फ्रान्सच्या एकूण द्राक्षक्षेत्रात ज्युराचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. शिवाय शेजारी बर्गंडी, जिच्यावरच्या पुस्तकांनी कपाटंच्या कपाटं भरतात. पण हा प्रदेश इतका लहान कसा झाला आणि लहान होऊनही टिकला कसा, ही गोष्ट लहान नाही. तिच्यात एक सवय पुन्हा पुन्हा भेटते: फळ हाती येण्याच्या खूप आधी अनेकांनी मिळून आपापला वाटा घालायचा. दुधात, द्राक्षांत, आणि अखेर पुस्तकातही.

बर्गंडी मागे टाकून पूर्वेकडे निघालं की सपाट मैदान ओलांडल्यावर जमीन चढू लागते. पुढे थेट स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत ज्युरा पर्वत पसरलेला आहे. या पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात बागा आहेत. आर्ब्वा, पोलिन्यी, शातो-शालाँ, लोन-ल-सोनिए ही त्यातली मुख्य गावं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस इथल्या चुनखडीला पर्वताचं नाव दिलं. १८२९ मध्ये आलेक्साँद्र ब्राँन्यार यांनी त्याच नावावरून खडकांच्या एका अख्ख्या मालिकेला ‘ज्युरासिक’ म्हटलं. डायनोसॉरच्या सिनेमामुळे जगभरच्या मुलांच्या तोंडी बसलेला शब्द मूळचा या डोंगरांचा. चुनखडीच्या जोडीला इथे निळसर-करड्या, चुन्याच्या चिकणमातीचे थर आहेत. पावसात पायाला चिकटणारी ही माती साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाला मानवते. त्याखेरीज शार्दोने, पिनो न्वार आणि दोन खास इथली लाल द्राक्षं: पातळ सालीचं पूलसार आणि उशिरा पिकणारं त्रूसो.

१९व्या शतकात या पायथ्याशी सुमारे २०,००० हेक्टरवर द्राक्षं होती, म्हणजे आजच्या दहापट. त्या भरभराटीच्या काळातला इथला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे लुई पाश्चर. जन्म १८२२ चा, दोल गावचा. पण ते वाढले आर्ब्वात. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा तिथल्या क्विझाँस नदीच्या काठी होता. परदेशी पाठवलेली फ्रेंच वाइन वाटेत नासते, तिचा काही इलाज काढा, असं सम्राट तिसऱ्या नेपोलियननं १८६३ मध्ये त्यांना सांगितलं. पाश्चर आपले सहायक घेऊन बालपणाच्या गावी आले आणि १८६४ च्या हंगामात त्यांनी तिथे तात्पुरती प्रयोगशाळा मांडली. ओळखीच्या बागायतदारांच्या तळघरांतून आंबट, कडू, तार सुटलेल्या वाइनचे नमुने आणून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. प्रत्येक बिघाडामागे वेगळा सूक्ष्मजीव आहे आणि वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तो मरतो, असा निष्कर्ष १८६६ च्या त्यांच्या ग्रंथात आला. दुधाच्या पिशवीवर आज छापला जाणारा ‘पाश्चराइज्ड’ शब्द दुधाच्या आधी वाइनला लागला होता.

पुढे १८७४ मध्ये पाश्चरांनी आर्ब्वाजवळ स्वतःची लहानशी बाग घेतली. १८७८ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यातल्या काही वेलींभोवती काचघरं उभारली आणि द्राक्षांचे घड कापसात गुंडाळले. बाहेरचं यीस्ट घडाला शिवलंच नाही तर रस आंबणार नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत याच्या उलट मत होतं. घड पिकले, पिळले गेले, रस गोडच राहिला. आंबवण्याच्या शास्त्रातला एक मोठा वाद या एवढ्याशा बागेत मिटला. पाश्चरांच्या पॅरिसच्या संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आले, १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि परळची संस्था आजही त्यांचं नाव सांगते. आर्ब्वाच्या तळघरांपासून परळपर्यंत ही वाट अशी सलग आहे.

पाश्चरांची काचघरं उभी होती त्याच सुमारास, १८७९ च्या आसपास, ज्युरात फायलोक्सेरा पोचला. मुळांतला रस शोषणारा हा अमेरिकेतून आलेला बारीक किडा. अमेरिकन वेलींना त्याची सवय होती, युरोपच्या वेली मात्र वाळत गेल्या. त्याच्या पाठोपाठ केवडा हा पानांचा रोगही आला. या दोन्ही संकटांवरच्या उपायांत ज्युराच्याच एका माणसाचा हात आहे. आलेक्सिस मियार्दे यांचा जन्म १८३८ मध्ये ज्युरा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. ते बोर्दोत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करण्याच्या पद्धतीचे ते मोठे पुरस्कर्ते. आणि मेदोक भागात हिंडताना त्यांना दिसलं की रस्त्यालगतच्या वेलींची पानं केवड्यातून वाचली आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून बागवाल्यांनी त्यांवर मोरचूद आणि चुना फवारला होता. मियार्दे आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी युलिस गायाँ यांनी प्रमाणं ठरवून १८८५ मध्ये ते मिश्रण जाहीर केलं.

निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंतचा प्रत्येक द्राक्षबागायतदार ते मिश्रण ओळखतो. ‘बोर्डो’ मारणं हे पावसाळी हवेत त्याच्या रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे. बोर्दो शहर त्यानं पाहिलेलं नसलं तरी ते त्याच्या फवारणीच्या वहीत असतं. डॉगरिज खुंटावर तो सोनाका किंवा थॉमसन भरतो, तेव्हा अमेरिकन मुळं आणि वरची वेगळी वेल ही मियार्दे यांच्या काळातली जोडणीच तो पुन्हा करत असतो. कारण इथे वेगळं, क्षार आणि पाण्याचा ताण, तंत्र तेच.

उपाय निघाला, पण ज्युराला तो फार महाग पडला. कलमांच्या रोपांना पैसा लागतो आणि नव्या बागेला फळ यायला काही वर्षं जातात. तोवर दक्षिण फ्रान्सची स्वस्त वाइन रेल्वेनं पॅरिसला पोचू लागली होती. मग पहिलं महायुद्ध आलं आणि बागांत राबणारे हात गेले. जिथे द्राक्षं होती तिथे गवत, गाई आणि झुडपं आली. २०,००० हेक्टरांपासून सुरू झालेली घसरण २०व्या शतकाच्या मध्यानंतरही थांबली नव्हती.

या उतरणीत जे वाचलं ते का वाचलं? त्यासाठी दुधाकडे वळायला हवं. फ्राँश-कोंतेच्या या डोंगराळ भागात हिवाळा लांबलचक. उन्हाळ्यातलं दूध टिकवायचं तर मोठं, कडक चीज बनवायला हवं. कोंते चीजचं सुमारे ४० किलोचं एक चाक करायला जवळजवळ ४०० लिटर दूध लागतं. तीन-चार गाई असलेल्या शेतकऱ्याला ते एकट्यानं जमणं अशक्य. म्हणून गावानं दूध एकत्र करायचं, एक चीजकार ठेवायचा, आणि महिनोन् महिने मुरल्यावर विकलेल्या चीजचे पैसे ज्याच्या-त्याच्या दुधाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. या व्यवस्थेचे उल्लेख १३व्या शतकातल्या कागदपत्रांत आहेत आणि तिचं नाव ‘फ्रुइतिएर’. नावात ‘फळ’ आहे. एकत्र केलेल्या कष्टाचं फळ. आपल्या गावच्या दूध संस्थेत जायची सवय असलेल्या वाचकाला ती लगेच समजेल. शार्ल फूरिए आणि पिएर-जोझेफ प्रूदाँ हे सहकारी समाजाची स्वप्नं पाहणारे दोन विचारवंत याच फ्राँश-कोंतेच्या राजधानीत, बझाँसाँत जन्मले, यात फार नवल वाटू नये.

आर्ब्वाच्या द्राक्षबागायतदारांचा स्वभावही तसाच. १८३४ च्या एप्रिलात लियाँच्या रेशीम विणकरांनी उठाव केला, तेव्हा आर्ब्वानं त्यांच्या पाठीशी उभं राहून आपल्या गावात प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. सरकारी लोक चौकशीला आले आणि म्होरक्या कोण म्हणून विचारू लागले. आम्ही सगळेच म्होरके, असं गावानं उत्तर दिल्याची आठवण तिथे अजून अभिमानानं सांगतात.

फायलोक्सेराच्या तडाख्यानंतर, १९०६ मध्ये, याच आर्ब्वाच्या बागायतदारांनी दुधाची रीत द्राक्षांना लावली. एकत्र द्राक्षं, एकत्र पिंपं, एकत्र विक्री. नावही चीजवाल्यांचंच उचललं: ‘फ्रुइतिएर व्हिनिकोल दार्ब्वा’. फ्रान्समधल्या आरंभीच्या वाइन सहकारी संस्थांत तिची गणना होते आणि ती आजही चालू आहे. मग आली नावाची लढाई. कुठल्याही भेसळीच्या वाइनवर ‘आर्ब्वा’ची चिठ्ठी लागत होती. मूळ गावाचं नाव कायद्यानं राखून ठेवण्याची व्यवस्था फ्रान्सनं केली, तेव्हा १५ मे १९३६ रोजी मान्यता मिळालेल्या अगदी पहिल्या नावांत आर्ब्वा होतं. दोनच आठवड्यांनी शातो-शालाँलाही ती मिळाली. २,००० हेक्टरांच्या प्रदेशाला आज जे नाव आहे, ते या लोकांनी बागा ओस पडत असताना सांभाळून ठेवलं.

आणि सांभाळण्यासारखं होतं काय? मुख्य म्हणजे ‘व्हँ झोन’, पिवळी वाइन.

तिची रीत ऐकली की कोणाही वाइन-व्यावसायिकाला धडकी भरावी. साव्हान्यँची वाइन आंबवून झाली की २२८ लिटरच्या जुन्या लाकडी पिंपात भरायची आणि सोडून द्यायची. इतरत्र पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरचेवर भर घालतात, कारण मोकळ्या जागेत हवा शिरली की वाइनचं व्हिनेगर होतं. इथे भर घालायची नाही. वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते. तिला ते ‘व्हॉल’ म्हणजे पडदा म्हणतात. हा पडदा हवेला पूर्ण अडवत नाही, तिला मोजूनमापून आत घेतो. तळघर उन्हाळ्यात उबदार, हिवाळ्यात गार असावं लागतं, कारण त्या चढउतारातच पडदा जोमानं वाढतो. कायद्यानं पिवळ्या वाइनला कापणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे साधारण सहा वर्षं आणि तीन महिने. त्या काळात पिंपांची तपासणी होत राहते. ज्याचा पडदा फाटला, ज्यात आंबटपणा वाढला, ते पिंप यादीतून जातं.

शेवटी लिटरमागे ६२ सेंटिलिटर उरतात असा तिथला हिशेब. म्हणून बाटलीही तेवढ्याच मापाची: बुटकी, रुंद खांद्यांची, ‘क्लाव्हलँ’ नावाची. वास अक्रोडाचा, मसाल्याचा, आणि मराठी नाकाला लगेच पटेल असा मेथीचा. ही नुसती उपमा नाही. पिवळ्या वाइनला तिचा ठसठशीत गंध देणारं ‘सोटोलोन’ हे संयुगच मेथीदाण्याच्या वासामागेही आहे.

अशी वाइन करणं म्हणजे सहा वर्षं भांडवल तळघरात अडकवणं. शातो-शालाँ या डोंगरमाथ्यावरच्या गावी तर कसोटी आणखी कडक. कापणीआधी समिती बागा फिरून पाहते आणि द्राक्षं कसोटीला उतरली नाहीत असं वाटलं तर सगळं गाव त्या वर्षी आपलं नाव लावत नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांची शातो-शालाँ जगात कुठेच नाही, कारण ती बनवलीच गेली नाही. टिकण्याच्या बाबतीत मात्र पिवळी वाइन भल्याभल्यांना मागे टाकते. १७७४ च्या हंगामाची, आर्ब्वाच्या एका घराण्यानं पिढ्यान् पिढ्या जपलेली बाटली २०१८ च्या मे महिन्यात लोन-ल-सोनिएच्या लिलावात १,०३,७०० युरोंना गेली. १९९४ मध्ये त्याच साठ्यातली एक बाटली चोवीस जाणकारांनी उघडली होती आणि दहापैकी ९.४ गुण दिले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच्या द्राक्षांना!

इतकं असूनही फ्रान्सबाहेर ज्युराचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. १८१६ मध्ये पॅरिसचे वाइन-व्यापारी आंद्रे ज्युलियाँ यांनी ज्ञात द्राक्षबागांचा भूगोल लिहिला, त्यात ज्युराची नोंद आदरानं घेतली गेली होती. नंतरच्या शतकात जाडजूड ॲटलासांमध्ये या प्रदेशाला एखादं पान मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर आँरी मेर या व्यापाऱ्यानं ‘व्हँ फू’ म्हणजे ‘वेडी वाइन’ या नावाच्या जाहिराती फ्रान्सभर रस्तोरस्ती झळकवल्या आणि ज्युरा निदान फ्रेंच लोकांच्या कानावर राहील याची सोय केली. १९९७ पासून दर फेब्रुवारीत दरवर्षी वेगळ्या गावी ‘पेर्से द्यु व्हँ झोन’ भरू लागली: सहा वर्षं मिटलेलं पिवळ्या वाइनचं पिंप वाजतगाजत फोडायचा उत्सव. थंडीनं कुडकुडणारी हजारो माणसं गळ्यात पेला अडकवून गल्ल्यांतून फिरतात आणि एरवी बंद असलेली तळघरं त्या दिवशी उघडतात.

जगाचं लक्ष वळलं ते मात्र दुसऱ्याच वाटेनं. पूलसारची राजधानी म्हणवणाऱ्या प्युपियाँ या खेड्यात पिएर ओव्हरन्वा यांनी १९८०च्या दशकातच गंधक न घालता वाइन करायला सुरुवात केली होती. नव्या शतकात अशा ‘नैसर्गिक’ वाइनची ओढ पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियोच्या पेयगृहांत वाढली आणि ज्युराच्या बाटल्या अचानक सगळ्यांना हव्या झाल्या. वाइन विकणाऱ्यांना, वाढणाऱ्यांना, पिणाऱ्यांना प्रश्न पडू लागले. कोणता उत्पादक कुठे, पडद्याखालची वाइन आणि भर घातलेली वाइन यांत फरक काय, पत्ता कसा शोधायचा? इंग्रजी वाचणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरं एका जागी देणारं सविस्तर पुस्तक नव्हतं.

लॉर्च यांच्याकडे ती उत्तरं होती. फ्रेंच आल्प्सशी त्यांचा जुना घरोबा. टॉम स्टीव्हन्सन यांच्या ‘वाइन रिपोर्ट’ या वार्षिकात ज्युरा आणि साव्हुआ या प्रदेशांवर त्याच लिहीत. वर्षानुवर्षं तळघरांच्या पायऱ्या उतरून जमवलेली माहिती होती. नव्हता तो पैसा. रंगीत पुस्तकाचा खर्च पहिल्या प्रतीच्या आधीच होऊन बसतो. संपादन, मांडणी, नकाशे, छायाचित्रं, छपाईयंत्राची तयारी, सगळं ठरलेलं. प्रती हजार निघोत की दहा हजार. वाचक मोजके असतील तर दर प्रतीमागचा हा भार पेलवत नाही, आणि ग्रंथविक्रेत्याचं कमिशन गेल्यावर हाती उरतं ते आणखी कमी. वाचकांकडून थेट आधी पैसे आले तर दोन गोष्टी साधतात. छापखान्याला द्यायला रक्कम मिळते, आणि हे पुस्तक खरंच कोणाला हवं आहे की नाही हे छापण्याआधी कळतं.

किकस्टार्टर २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि ब्रिटनमधल्या प्रकल्पांना ते ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस खुलं झालं. लॉर्च यांची मोहीम त्यानंतर वर्षभरातली. नियम कडक होता. ठरवलेल्या मुदतीत ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळणार, एक रुपया कमी पडला तरी सगळ्यांचे सगळ्यांकडे राहणार. यशस्वी मोहिमेतला पाच टक्के वाटा मंचाचा. आणखी एक अट अशी की वर्गणीच्या बदल्यात मद्य देता येत नाही. म्हणजे पुस्तक वाइनचं, पण वर्गणीदाराला त्यातली एक बाटलीही भेट पाठवायची सोय नाही. द्यायचं ते पुस्तकच, ज्ञानच. ज्यांनी पैसे भरले त्यांनी मजकुरावर आणि लिहिणारीच्या शब्दावर विश्वास ठेवून भरले.

हा मार्ग नव्या यंत्रावर चालला तरी वाट फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये वर्गणीदारांची छापील यादी घेऊन आलेलं पहिलं पुस्तक म्हणून १६१७ चा जॉन मिन्शू यांचा अकरा भाषांचा कोश ओळखला जातो. मिन्शू त्यात कर्जबाजारी झाले आणि खरेदीदारांची नावं छापून नवे खरेदीदार शोधत राहिले. त्या कोशाच्या नावात ‘गाइड’ हा शब्दच आहे: भाषांच्या प्रदेशात नेणारा वाटाड्या. १६९७ मध्ये कवी ड्रायडन यांनी केलेल्या व्हर्जिलच्या भाषांतरासाठी दोन पायऱ्या ठेवल्या गेल्या. पाच गिनी देणाऱ्या १०१ जणांची कुलचिन्हं एकेका चित्रपत्रावर कोरली गेली. कमी देणाऱ्यांची नुसती नावं. आजच्या मोहिमांमधली ‘इतके द्या, इतकं मिळेल’ ही उतरंड तेव्हाच तयार होती. अलेक्झांडर पोप यांनी ‘इलियड’चे सहा खंड १७१५ ते १७२० मध्ये खंडाला एक गिनी या दरानं ५७५ वर्गणीदारांना दिले आणि कोणा सरदाराच्या दाराशी न जाता लेखणीवर जगण्याइतकी कमाई केली.

धोकेही तितकेच जुने. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५६ मध्ये शेक्सपियरच्या नव्या आवृत्तीसाठी वर्गण्या घेतल्या आणि पुढच्या वर्षाअखेर ग्रंथ देण्याचं कबूल केलं. तो आला १७६५ मध्ये. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल या कवीनं त्यांच्यावर कवितेतून कोरडे ओढले. वर्गणीदारांची यादी छापली जाणार नाही, कारण नावं हरवली आणि पैसे खर्च झाले, असं जॉन्सन यांनी म्हटल्याचं त्यांचे चरित्रकार बॉझवेल यांनी नोंदवून ठेवलं आहे. तरीही त्या आवृत्तीची प्रस्तावना आज इंग्रजी समीक्षेतला मोठा ऐवज आहे. उशीर माफ व्हावा इतकी ती चांगली होती.

मराठीला ही वाट अनोळखी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड उभे केले ते कंपनी काढून, भाग विकून आणि गावोगावी ग्राहक नोंदवून. खंड हाती येण्याआधी पैसे देणारी ती शेकडो घरं नसती, तर १९२०च्या दशकात ते काम पुरं झालं नसतं. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे शब्द दिवाळी अंकांतल्या जाहिरातींतून वाचत मोठ्या झालेल्या वाचकाला किकस्टार्टरचा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘ज्युरा वाइन’नं जे केलं ते इतरांनीही पाहिलं. सायमन वुल्फ यांनी सालीसकट आंबवलेल्या नारिंगी वाइनवरचं ‘अँबर रेव्होल्यूशन’ २०१८ मध्ये असंच लोकवर्गणीतून काढलं; त्यात इटलीचा फ्रिउली, शेजारचा स्लोव्हेनिया आणि जॉर्जिया अशी दूरदूरची तळघरं आहेत. रायन ओपाझ यांच्यासह त्यांनी केलेलं पोर्तुगालवरचं ‘फूट ट्रॉडन’ २०२१ चं, तेही वाचकांच्या आगाऊ पैशांवर. स्वतः लॉर्च ज्युरावरून साव्हुआ आणि ब्युजेकडे वळल्या आणि फ्रेंच आल्प्सच्या वाइनवरचं त्यांचं दुसरं पुस्तकही वर्गणीदारांनीच छापवलं. या सगळ्यांत समान धागा असा की विषय कोपऱ्यातले आहेत आणि वाचक जगभर विखुरलेले. त्या विखुरलेल्या चारशे-पाचशे माणसांना एका यादीत आणता आलं, की कोपऱ्यातल्या गावाला त्याचं पुस्तक मिळतं.

प्रदेश मात्र पुस्तकासाठी थांबत नाही. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोवळ्या फुटींवर दहिवर गोठलं आणि ज्युराचं पीक मोठ्या प्रमाणात बुडालं. मागणी वाढल्यानं नामवंत बाटल्यांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. नवे तरुण बागायतदार आले, काही जुने निवृत्त झाले. पत्त्यांची, दरांची, नावांची पानं जुनी होत जातात. माती, पडदा आणि फ्रुइतिएरबद्दलची पानं तशी होत नाहीत.

२०१३ च्या शरदात, लॉर्च आपल्या पुस्तकात गुंतल्या असताना, आर्ब्वा आणि शातो-शालाँच्या बागांत साव्हान्यँची कापणी झाली आणि ती द्राक्षं पिंपांत गेली. पुस्तक २०१४ मध्ये वाचकांकडे पोचलं. त्या द्राक्षांची पिवळी वाइन १५ डिसेंबर २०१९ पर्यंत पडद्याखाली होती. २०२० च्या फेब्रुवारीत पेर्सेला तिचं पिंप फुटलं, गल्ल्यांत गळ्यातले पेले पुढे झाले, आणि तोवर लॉर्च यांचं आल्प्सवरचं दुसरं पुस्तकही छापून झालं होतं.